सुरतेच्या कोठीतला कारकून

इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केलं ते १६६८ साली, वर्षाला १० पौंड भाड्याने. हा तपशील बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असतो. पोर्तुगिजांनी राजकन्येबरोबर आंदण दिलेलं बेट आणि त्याचं भाडं एवढंसं, म्हणून आपल्याला हसू येतं. पण याच १० पौंडांचा आणखी एक हिशेब आहे. त्याच काळात कंपनीच्या सुरतेच्या कोठीत बसून लिहिणाऱ्या कारकुनाचा, म्हणजे 'रायटर'चा, पगारही वर्षाला १० पौंडच होता. अख्ख्या बेटाचं जेवढं भाडं, तेवढा एका कारकुनाचा पगार.

बेटाबद्दल मोठमोठ्या लोकांनी पुष्कळ लिहिलंय. मी कारकुनाबद्दल लिहिणार आहे, कारण मी स्वतः कारकून आहे. पणजीला सरकारी खात्यात वीस वर्षं फायली हलवतेय. शिक्षण बी.ए., विषय इतिहास. आणि गेले सहा महिने माझ्यापुढे एक प्रश्न आहे, जो वरवर पाहता इतिहासाचा मुळीच नाही. एकटं राहता यावं म्हणून दुसरी नोकरी धरावी की नाही?

प्रश्न थोडक्यात सांगते. फोंड्याकडे आमचं वडिलोपार्जित घर आहे. मध्ये राजांगण, चारी बाजूंनी खोल्या. आई, दादा-वहिनी, त्यांची दोन मुलं, काका-काकी असे आठजण आम्ही राहतो. कोणी वाईट नाही, कोणी मला टाकून बोलत नाही. पण माझी म्हणून जी खोली आहे तिच्यात तांदळाचं पिंप आहे, शिवणाचं मशीन आहे आणि परीक्षा आल्या की पुतण्याचं टेबलही तिथेच येतं. गोव्याच्या वारसा कायद्याप्रमाणे मुलीला मुलाएवढाच वाटा असतो, तेव्हा कागदावर माझा हिस्सा पक्का आहे. पण हिश्शाला आतून कडी लावता येत नाही. पर्वरीला लहानशी सदनिका भाड्याने घ्यायची तर हातात येणाऱ्या पगारातला जवळजवळ अर्धा भाग जाईल, कारण याच घराच्या छपरासाठी मी सोसायटीचं कर्ज काढलंय आणि त्याचा हप्ता कापून पगार हातात येतो. अशात एका हिशेबनिसांनी विचारलं, "बाई, संध्याकाळी तीन तास आमच्याकडे बसाल का? नोंदी घालायच्या आणि पत्रं करायची." त्या पैशांत सदनिकेचं भाडं बरोबर भागतं.

आता माझ्यासारख्या माणसाला असा पेच पडला की ते आधी कोणाला पडला होता हे शोधायची खोड असते. शोधता शोधता मी पोचले सुरतेला.

आपल्या मराठी वाचकाला सुरत म्हटलं की जानेवारी १६६४ आठवतो आणि मागोमाग ऑक्टोबर १६७०. दोन्ही वेळा महाराजांच्या फौजेने शहर लुटलं आणि दोन्ही वेळा इंग्रज आपल्या कोठीचे दरवाजे लावून आत बंदुका घेऊन बसले. पहिल्या खेपेचा कोठीप्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडेन. कोठी राखल्याबद्दल कंपनीने त्याला सोन्याचं पदक दिलं. आपण ही गोष्ट नेहमी बाहेरून पाहतो, महाराजांच्या बाजूने, आणि ते योग्यच आहे. पण त्या बंद दरवाज्याच्या आत नेहमीच्या दिवशी काय चालायचं?

कोठी म्हणजे कारखाना नव्हे. माल साठवायचा, हिशेब ठेवायचा आणि कंपनीच्या नोकरांनी राहायचं अशी ती एकच वास्तू. हॉकिन्स नावाचा कप्तान १६०८ साली सुरतेला उतरला. १६१२ साली सुवाळीच्या समुद्रात गोव्याहून गेलेल्या पोर्तुगीज आरमाराशी इंग्रज जहाजांची झुंज झाली, इंग्रज टिकले आणि पुढच्या वर्षी जहांगीर बादशहाच्या फर्मानाने त्यांची कोठी पक्की झाली. सुवाळीत आपले पोर्तुगीज जिंकले असते तर हिंदुस्थानचा इतिहास काय झाला असता, यावर फोंड्याच्या बाजारात चहा पिता पिता तास-दोन तास सहज जातात. असो.

ओव्हिंग्टन नावाचा एक पाद्री १६८९ साली इंग्लंडहून निघून सुरतेला आला आणि परत गेल्यावर त्याने पुस्तक लिहिलं. तो सांगतो की इंग्रजांची कोठी बादशहाच्या मालकीची होती आणि वर्षाचं भाडं ६० पौंड होतं. तेही बहुतेक दुरुस्तीतच वळतं व्हायचं. आत चाळीसेक माणसांची राहण्याची सोय होती आणि प्रमुखाला वेगळी दालनं. दुपारचं आणि रात्रीचं जेवण सगळ्यांनी एका टेबलावर, हुद्द्याच्या क्रमाने बसून घ्यायचं. ताटं चांदीची. स्वयंपाकी तीन ठेवलेले, एक इंग्रज, एक पोर्तुगीज आणि एक हिंदुस्थानी, म्हणजे प्रत्येकाच्या जिभेची सोय. हा 'पोर्तुगीज' स्वयंपाकी म्हणजे लिस्बनचा माणूस असेल असं मला वाटत नाही. आपल्याच गोव्या-दमणकडचा कोणी असणार, हा माझा तर्क. पेय म्हणून गोव्याची आणि बंगालची दारू चालायची आणि दोन्हींत बंगालची जास्त कडक, असाही अभिप्राय या पाद्रीबाबाने नोंदवून ठेवलाय.

सकाळ-संध्याकाळ प्रार्थना. ती चुकवली तर दंड. रात्री दरवाजा बंद व्हायचा आणि परवानगीशिवाय बाहेर राहिलं तर तोही गुन्हा. शहरात वेगळं घर करून राहायची मुभा साध्या रायटरला नव्हती.

हुद्दे ठरलेले होते. फ्रायर नावाचा डॉक्टर १६७० च्या दशकात इकडे होता (तो जुन्नरला गेला, गोव्यालाही येऊन गेला). त्याने ही पायऱ्यांची रचना लिहून ठेवली आहे. रायटरने पाच वर्षं १० पौंडांवर काढायची. नोकरीला लागताना चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून ५०० पौंडांचा करारनामा द्यायचा, म्हणजे पन्नास वर्षांच्या पगाराएवढा. मग तो 'फॅक्टर' होणार, पगार २० पौंड. मग वरिष्ठ फॅक्टर, मग मर्चंट. आमच्या खात्यातल्या एलडीसी, यूडीसी, हेडक्लार्क या शिडीचा मूळपुरुष तो हाच, असं म्हटलं तर फार चुकायचं नाही.

आता या १० पौंडांची किंमत किती? त्या काळी रुपया साधारण सव्वादोन ते अडीच शिलिंगांचा. म्हणजे वर्षाचे ८० ते ९० रुपये, महिन्याला सातेक रुपये. रोच्या वकिलातीबरोबर आलेला पाद्री टेरी लिहितो की इकडे घरगडी महिन्याला पाच शिलिंगांवर मिळतो. हा आकडा पन्नास वर्षं आधीचा आहे हे खरं, तरी अंदाजापुरता घेऊ. रायटरचा महिन्याचा पगार १६ शिलिंग ८ पेन्स. साहेबाचा पगार साडेतीन घरगड्यांपेक्षाही कमी! ताट मात्र चांदीचं.

इथे गंमत कळते. तो पगार जगण्यासाठी ठरवलेलाच नव्हता. राहणं, जेवणं कंपनीचं. हातात पैसे थोडे. माणूस कोठीच्या बाहेर राहूच शकणार नाही, अशीच ती व्यवस्था होती. आणि कोठीतल्या सगळ्यांना मिळून त्या वेळच्या पत्रांत 'कुटुंब' म्हणत. हा शब्द वाचला तेव्हा मी जरा थांबले.

मग ही तरुण पोरं सहा महिन्यांचा समुद्र ओलांडून यायची कशासाठी? उत्तर एकच, खाजगी व्यापार. दिवसा कंपनीचं लिहायचं आणि त्याच हातांनी स्वतःचा माल घ्यायचा, विकायचा. कापड, नीळ, मिरी, जे मिळेल ते. लंडनच्या मालकांना हे सुरुवातीपासून सलत होतं. सर टॉमस रो १६१५ साली सुरतेला उतरून जहांगीरच्या दरबारी गेला, तेव्हाच त्याने कंपनीला कळवलं होतं की नुसत्या पगारासाठी इकडे कोणी येत नाही. खाजगी व्यापार अगदी बंद करा, पण मग पगार भरपूर द्या, म्हणजे आपल्या खिशातून किती जातं ते तरी तुम्हाला कळेल. चारशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला इतका शहाणपणाचा होता की कंपनीने तो दीडशेहून जास्त वर्षं मानला नाही. उलट १६६० आणि १६७० च्या दशकांत तिने दुसरी वाट काढली. युरोपकडे जाणारा मुख्य व्यापार आपल्याकडे ठेवला आणि आशियातल्या बंदरा-बंदरांमधला व्यापार नोकरांना मोकळा केला. पगार वाढवण्यापेक्षा दुसऱ्या धंद्याकडे काणाडोळा करणं मालकाला नेहमीच स्वस्त पडतं.

पण व्यापाराला भांडवल लागतं आणि महिना सात रुपयेवाल्याकडे ते येणार कुठून? सुरतेत त्याची सोय होती. विरजी व्होरासारखे सावकार तिथे होते. जगातल्या सर्वांत श्रीमंत व्यापाऱ्यांत त्याची गणना व्हायची. खुद्द कंपनी त्याच्याकडून कर्ज काढायची आणि कंपनीच्या नोकरांनाही त्यांच्या खाजगी धंद्यासाठी तो पैसे द्यायचा. हे लंडनला आवडत नसे. लहान रायटराला मग एखादा दलाल, एखादा वाणी हाताशी धरायचा. पैसा वाण्याचा, नाव साहेबाचं, नफ्यात वाटणी. जहाज बुडालं किंवा भाव पडला की साहेब कर्जात.

ज्यांचं साधलं त्यांचं भलतंच साधलं. एलिहू येल १६७२ साली याच १० पौंडांच्या पायरीवर मद्रासला आला, पुढे तिथला गव्हर्नर झाला, खाजगी व्यवहारांच्या भानगडीतच ती जागा गेली आणि तरीही अफाट पैसा घेऊन तो मायदेशी परतला. अमेरिकेतलं येल विद्यापीठ हे नाव त्याच्याच देणगीतून आलंय. पण एका येलमागे किती रायटर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच ताप-हगवणीने गेले, त्यांच्या नावाचं विद्यापीठ कुठे नाही.

एलटीसी घेऊन मी सुरतेला गेले होते, तेव्हा कतारगाम भागातली इंग्रजांची दफनभूमी पाहिली. तिथे त्याच ऑक्झेंडेनची कबर आहे. तो १६६९ साली वारला, त्याचा भाऊ ख्रिस्तोफर दहा वर्षं आधी. दोघांवर मिळून घुमटाचं, खांबांचं, दुमजली असं बांधकाम आहे की लांबून पाहणाऱ्याला एखाद्या मुसलमान सरदाराचा मकबरा वाटावा. डचांची दफनभूमी वेगळी. तिथे 'होर्तुस मलबारिकुस' या वनस्पतींच्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झालेला व्हॅन रीड आहे, त्याचीही वास्तू तशीच भव्य. इंग्रज आणि डच यांची यात चढाओढच होती म्हणतात. जन्मभर एका टेबलावर, एका दरवाज्याच्या आत राहिलेल्या माणसांना ऐसपैस स्वतंत्र घर मिळालं ते असं. आणि तेही वरच्या हुद्द्याच्या मंडळींनाच.

हे इंग्रजांचंच होतं असं समजू नका. आपल्या गोव्यात याच्याही आधी हाच प्रकार होता. लिन्सखोतन नावाचा डच तरुण १५८३ साली गोव्यात आला आणि आर्चबिशपकडे चिटणीस म्हणून राहिला, म्हणजे तोही आपल्याच जातीचा, लेखणीवाला. त्याचं पुस्तक १५९६ साली छापून आलं आणि त्यात त्याने पोर्तुगीज शिपायांचं राहणं वर्णन केलंय. दहा-बारा शिपाई मिळून एक घर घ्यायचे. खाणं भात आणि खारी मासळी. रेशमी कपड्यांचे मोजकेच जोड सगळ्यांत मिळून. एकजण ते चढवून रुबाबात बाहेर पडला की बाकीचे घरात बसणार! जुन्या गोव्याच्या रस्त्यावरून मिरवणारा तो फिदाल्ग आणि घरी बिनकपड्यांनी वाट पाहणारे त्याचे भागीदार, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की मला अजून हसू येतं आणि थोडं कसंतरीही होतं.

आणि कूड कशी विसरायची? गोव्यातून मुंबईला गेलेल्या खलाशांच्या, स्वयंपाक्यांच्या, वाजंत्र्यांच्या कुडी. धोबीतलावच्या जेर महालात आणि आसपास गावागावाच्या नावाने त्या होत्या, काही अजून आहेत. महिन्याची वर्गणी थोडी, पेटी ठेवायला जागा, गावच्या सायबाची वेदी आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स म्हणायचा. सुरतेच्या कोठीचे नियम वाचताना मला सारखी कूड आठवत होती. प्रार्थना, दंड, दरवाजा, सगळं तेच. फरक एकच, आणि तो मोठा आहे. कूड माणसांनी आपली आपण उभी केली होती, आणि ती सोडून जायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

आजच्या सुरतेतही ही गोष्ट संपलेली नाही. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत खानदेशातून गेलेली मराठी माणसं भरपूर आहेत. महापालिकेच्या मराठी शाळासुद्धा आहेत. माझ्या एका सहकाऱ्याचे नातेवाईक उधन्याला राहतात, त्यांच्याकडे मी उतरले होते. यंत्रमागावर काम करणारे ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले हजारो लोक सुरतेत 'मेस'मध्ये राहतात. एका खोलीत किती, ते न मोजलेलं बरं. कामाच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर येऊन झोपतो. ज्यांच्याकडे मी उतरले होते त्या मामी म्हणाल्या, "ताई, तिथली चटई कधी थंड होत नाही." मी तर आठ माणसांच्या घरात तांदळाच्या पिंपाची तक्रार करत होते! पण दुसऱ्याचं दुःख मोठं म्हणून आपला प्रश्न सुटतो असं नाही. तो आपल्या जागी राहतोच.

या सगळ्या पुस्तकांत मला बायका शोधाव्या लागल्या. मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी १६३८ साली सुरतेच्या कोठीत पाहुणा होता. तो लिहितो की दर शुक्रवारी प्रार्थनेनंतर, ज्यांच्या बायका इंग्लंडला होत्या असे काही व्यापारी एकत्र जमून त्यांची आठवण काढत आणि त्यांच्या नावाने पेला उचलत. वाचताना प्रथम हळवं वाटतं. मग लक्षात येतं की या गोष्टीत खरोखर एकट्या राहत होत्या त्या या बायका. नवरा सुरतेला, पत्र यायला वर्ष, आणि नवऱ्याच्या पगारातला भाग मिळावा म्हणून त्यांनी लंडनला कंपनीकडे अर्ज केल्याच्या नोंदी कंपनीच्या दप्तरात आहेत. त्यांचं एकटेपण त्यांनी मागितलेलं नव्हतं. माझं मी मागतेय. या दोन्हींना एकच शब्द वापरणं बरोबर नाही असं मला वाटतं, पण मराठीत दोन्हींना 'एकटी' असंच म्हणतात आणि गावात तोच शब्द जरा आवाज खाली आणून म्हणतात.

पुढची कथा थोडक्यात सांगते. कंपनीने आपलं मुख्य ठाणं १६८७ साली सुरतेहून मुंबईला हलवलं. शतकभराने बंगालचं राज्य हातात आल्यावर रायटरांच्या खाजगी धंद्याने जो हैदोस घातला तो प्रसिद्ध आहे. क्लाइव्हने १७६५ साली आळा घालायचा प्रयत्न केला, १७७३ च्या नियामक कायद्याने काही बंधनं आणली आणि १७८६ साली आलेल्या कॉर्नवॉलिसने अखेर रोचा सल्ला अमलात आणला. कलेक्टरला महिना १,५०० रुपये पगार, वर वसुलीवर कमिशन, आणि खाजगी व्यापार बंद. मात्र भरपूर पगार आणि स्वच्छ हात ही सोय गोऱ्यांपुरती. १७९३ च्या सनदेने वरच्या जागा कंपनीच्या करारबद्ध नोकरांसाठी राखून ठेवल्या आणि देशी कारकून जुन्याच पगारावर घासत राहिला. कलकत्त्याला रायटरांच्या राहण्यासाठी जी लांबलचक इमारत १७७७ च्या सुमारास उभी राहिली, ती रायटर्स बिल्डिंग. पुढे ती बंगालचं सचिवालय झाली आणि २०१३ पर्यंत मुख्यमंत्री तिथेच बसत. कारकुनांच्या बिऱ्हाडाचं सचिवालय होणं, याहून आमच्या धंद्याचा मोठा सन्मान मला माहीत नाही.

आणि त्या बंदीचा शेवटचा दुवा माझ्या टेबलाच्या खणात आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४, नियम १५. आम्हा गोवा सरकारच्या नोकरांनाही हेच नियम लागू आहेत. सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय व्यापार किंवा दुसरी नोकरी करता येत नाही. प्रासंगिक साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय लेखनाला मात्र सूट आहे, त्यामुळे हा लेख लिहिताना मला कोणाकडे अर्ज करावा लागला नाही. सुरतेच्या रायटरला पगार नव्हता पण धंद्याची मोकळीक होती. मला पगार आहे, महागाई भत्ता आहे, निवृत्तिवेतन आहे, आणि मोकळीक नाही. हा सौदा मला अन्यायाचा वाटत नाही. ज्याच्या सहीने दुसऱ्याची कामं अडतात किंवा होतात, त्याने संध्याकाळी कोणाची चाकरी करावी यावर कोणीतरी लक्ष ठेवायलाच हवं.

तेव्हा त्या हिशेबनिसांकडे जायचं तर दोन वाटा. परवानगी मागायची, किंवा इतर काहीजण करतात तसं गुपचूप जायचं. गुपचूप मी जाणार नाही. परवानगी मागता येते. पण अर्ज लिहायला बसले तेव्हा मी आधी सुरतेच्या पद्धतीने जमाखर्च मांडला.

जमेला काय? पर्वरीची सदनिका, आतून लागणारी कडी, स्वतःचं टेबल. खर्चाला काय? पाच पंचेचाळीसला कार्यालय सुटणार, सहा ते नऊ त्यांच्याकडे, साडेनऊला खोलीवर, जेवण, झोप. म्हणजे ज्या संध्याकाळीसाठी मला एकटं राहायचंय तीच संध्याकाळ विकून मी एकटं राहायची जागा घेणार. सदनिका माझी असेल, पण तिच्यात जागी असलेली मी फक्त रविवारी. आणखी एक खर्च आहे, तो आकड्यात मांडता येत नाही. सुरतेच्या रायटराने दुसरा धंदा केला तो कंपनीच्या टेबलावरून उठण्यासाठी, पण उठला की तो जाऊन बसायचा सावकाराच्या ओट्यावर. एक मालक सुटला नाही आणि दुसरा वाढला. येलसारखे एखाद-दोघे सोडले तर या हिशेबातून सुटलेला कोणी मला सापडला नाही.

माझी एक मैत्रीण हे ऐकून म्हणाली, "तू निमित्त शोधतेस. हिंमत नाही म्हणून इतिहास काढून बसलीस." तिचं म्हणणं मी गंभीरपणे घेतलं. ती स्वतः दोन ठिकाणी काम करते, मुलीला एकटीने वाढवते आणि तिची ती दोन खोल्यांची जागा मला राजवाड्यासारखी वाटते. तिच्यासाठी दुसरी नोकरी हाच एकमेव दरवाजा होता, तो तिने उघडला. तिच्या जागी मी असते तर मीही उघडला असता. पण माझ्याकडे दुसरा दरवाजा आहे का, हे न बघताच मी या दरवाज्याशी उभी होते.

तो आहे. मला सदनिका हवी कशाला? न्हाणीघर, स्वयंपाकाचा कट्टा आणि खिडकी असलेली एकच खोली म्हापशाला, बाजारापासून जरा आत, सदनिकेच्या निम्म्याहून कमी भाड्यात मिळते. छपराच्या कर्जाचे अकरा हप्ते राहिलेत. ते फिटले की ती खोली माझ्या एका पगारात बसते, आणि संध्याकाळ शिल्लक राहते. जागेची हौस पगाराच्या मापाने कापायची, पगार जागेच्या मापाने ताणायचा नाही, असं ठरवलंय. हिशेबनिसांना नाही कळवलं. ते चांगले गृहस्थ आहेत, म्हणाले, "बाई, विचार बदलला तर या."

आईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, "चवथीला येशील ना?" येणारच. चवथीला आमच्या घरी पंचवीस-तीस माणसं असतात, माटोळी बांधायची असते, एका पंगतीत सगळे जेवतात आणि मला ते आवडतं. कोठीतल्या टेबलाबद्दल मी एवढं लिहिलं, पण एका पंगतीला बसण्याशी माझं भांडण नाही. रोज बसावंच लागतं, याच्याशी आहे. दादाला आणि वहिनीला अजून सांगायचंय. दादा विचारणार, लोक काय म्हणतील. वहिनी काही विचारणार नाही. मला वाटतं, त्या खोलीत ती शिवणाचं मशीन खिडकीशी सरकवील आणि दुपारी दार लावून अर्धा तास पडेल. तिला या घरात स्वतःची खोली कधीच मिळालेली नाही, हे लिहिता लिहिताच माझ्या ध्यानात आलं.

जाता जाता एक विनंती. मुंबईच्या कुडींचे छापील किंवा हाताने लिहिलेले नियम कोणाच्या घरी, जुन्या पेटीत असतील, तर मला जरूर कळवा. रात्री दरवाजा किती वाजता लागायचा, उशिरा येणाऱ्याला दंड किती होता आणि कूड सोडून स्वतंत्र बिऱ्हाड करणाऱ्याचं नाव वहीत कसं लिहायचे, एवढं मला पाहायचंय.